मागुराची सोयरीक

लखनौ
१४ ऑगस्ट २०१२

ती. धोंडीरामआजोबा यांस,
सा. नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी गोदावरी घटे, गेवराईकडच्या बायडाबाईची नात. बाहत्तरच्या दुष्काळात आमची आजी नवऱ्यासोबत नाशिककडे खडी फोडायला गेली ती तिकडचीच झाली. चुलत बहीण छबुबाई लिंबागणेशच्या बाजूला तलावावर गव्हाण्यांकडे दिली आहे, एवढं मात्र ती मरेपर्यंत सांगत राहिली. परवा मच्छीमार सहकारी संस्थांच्या यादीत 'लिंबागणेश, सचिव धोंडीराम गव्हाणे' असं वाचलं आणि अंदाजानं दगड मारला आहे. लागला तर नात म्हणा, नाही लागला तर पत्र फाडून टाका.

इथे एका प्रयोगशाळेत मी माशांची नाती शोधते. हसू नका, हाच माझा अभ्यास आहे. मागूर, शिंगी, शिंगाळा हे सगळे मिशीवाले दिसायला भाऊबंद, पण कोण कुणाच्या किती जवळचं, हे त्यांच्या पेशी तपासल्याशिवाय कळत नाही. त्यात आपला देशी मागूर झपाट्यानं कमी होतो आहे. जिथे उरला असेल तिथून मी नमुने गोळा करते. आजी सांगायची, आपल्याकडे लेक सासरी निघाली की माहेरच्या पाण्यातली मागुराची जोडी तिच्या घागरीत सोडतात. मी हे साहेबांना सांगितलं तर ते हसले. खरं आहे का हे? छबुआजींनी आणली होती का जोडी?

आणली असेल तर तुमच्या तलावातल्या आणि विहिरीतल्या मागुराच्या परांचे नखाएवढे तुकडे मला हवेत. सोबत टीपकागद पाठवते. तुकडा कागदात ठेवून सावलीत वाळवायचा आणि मासा परत पाण्यात सोडायचा. त्याला काही होत नाही, पर पुन्हा फुटतो.

इथे माझ्याशी मराठी बोलणारं कुणी नाही. उत्तर लिहिलंत तर मोठ्यानं वाचेन.

आपली,
गोदावरी


भोईवस्ती, लिंबागणेश
९ सप्टेंबर २०१२

चि. गोदावरीस,
अनेक आशीर्वाद.

दगड बरोबर लागला. बायडाबाईची नात म्हणजे आमचीच. पण तू उशीर केलास. छबूला जाऊन तीन वर्षं झाली. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं असतं तर तिनं ते पदराला बांधून वस्तीभर मिरवलं असतं. मी कुणाला दाखवू?

फोन नंबर मागू नकोस. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही आणि डाव्यानं समोरच्याचं अर्धंच येतं. संस्थेची प्रोसिडिंगं तीस वर्षं लिहिली, तेव्हा हात अजून चालतो.

साहेबांना हसू दे. एकाहत्तर साली छबू आली तेव्हा घागर तिच्या डोक्यावर होती, आणि आमच्या आईनं सुनेचं तोंड पाहायच्या आधी घागरीत डोकावून पाहिलं. जोडी आमच्या विहिरीत सोडली. पुढच्याच वर्षी दुष्काळ. विहिरीचा तळ दिसला तेव्हा छबूनं मासे रांजणातल्या ओल्या गाळात ठेवले आणि रोज आपल्या वाट्याचं तांब्याभर पाणी त्यावर शिंपलं. आई तिच्या नावानं बोटं मोडायची. पण मागूर वरची हवाही घेतो, त्यामुळे तगला. त्यांचीच पिलावळ अजून विहिरीत आहे. आम्ही ती विकली नाही की खाल्ली नाही. पायरीवर वाटी वाजवली की सगळे वर येतात.

रिवाजाचं म्हणशील तर जोडी फक्त लेकीला देतात. पोराला नाही, सुनेला नाही, पाहुणा कितीही मोठा असला तरी त्याला नाही. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे आमच्या विहिरीतून कधी जोडी बाहेर गेली नाही. आता छबूचं म्हणून माझ्याजवळ एवढे मासेच आहेत. घरात मी आणि रेडिओ.

तलावातल्या आठ आणि विहिरीतल्या सहा माशांचे तुकडे पाठवतो. तलावात सप्टेंबरातच जेमतेम कमरेएवढं पाणी उरलं आहे. पुढचं काही खरं दिसत नाही.

तुझा,
धोंडीराम गव्हाणे


लखनौ
१८ डिसेंबर २०१२

ती. आजोबांस,
सा. न.

पत्र तीनदा वाचलं, तिन्ही वेळा मोठ्यानं. शेजारच्या खोलीतली मुलगी विचारायला आली, कुणाशी बोलतेस म्हणून.

दोन बातम्या आहेत. आधी वाईट. तुमच्या तलावातल्या आठ माशांपैकी पाच मिसळ निघाले. त्यांच्यात थाई मागूर शिरला आहे. नाव थाई, मूळचा तो आफ्रिकेचा. सरकारनं त्यावर बंदी घातली आहे, कारण तो खादाड आहे आणि देशी मासे जिवंत गिळतो. भावकीच्या भाषेत सांगायचं तर तो आणि आपला मागूर चुलत भाऊ, शिंगी दोन पिढ्यांपलीकडची सोयरी, आणि शिंगाळा नुसता मिशांपुरता नातेवाईक. चुलत घरात सोयरीक व्हायला नको होती, ती तुमच्या तलावात झाली आहे. असे मासे दिसायला देशी असतात. डोळ्यांना फरक कळत नाही.

आता चांगली बातमी. पेशीत एक खूण असते, ती आईकडूनच पिलांना मिळते. बापाचं त्यात काही चालत नाही. मी आतापर्यंत चाळीस ठिकाणचे मागूर तपासले. तुमच्या विहिरीतल्या माशांची खूण त्यातल्या एकाही ठिकाणी नाही. छबुआजींच्या माहेरच्या नदीतही आता ती नाही. आजोबा, ती ओळ फक्त तुमच्या विहिरीत जिवंत आहे.

जुलैत मी स्वतः येऊन पाच जोड्या नेईन. इथे त्यांची पैदास करू. तोवर एकच पथ्य पाळा. तलावातला एकही मासा विहिरीत नको. आणि नीट आठवून सांगा, आजींनी कुणाला जोडी दिली होती का? सगळी ओळ एका विहिरीवर टांगलेली बरी नाही.

गोदावरी


भोईवस्ती, लिंबागणेश
६ जानेवारी २०१३

चि. गोदावरीस,
आशीर्वाद.

साठ वर्षं मासे धरतो आहे. मला माझ्या तलावातला मागूर कळत नाही, आणि लखनौला बसून वाळलेल्या तुकड्यावरून तुला कळतो? तुझी मशीन तपासून घे.

वरच्या ओळी परवा लिहिल्या. खोडत नाही, कारण राग खरा होता. काल संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव यांना पारावर गाठलं. आधी उडवाउडवी केली, मग म्हणाला, "दोन सालामागं आनलं थाई मागुराचं बी. ट्रकनं, राती उतरवलं."

"आन् ठरावात कावून न्हाई आलं बे?"

"तुमी लिवलं नसतं, म्हनून. पानी कमी, मानसं लई. झटक्यानं वाढंल असा मासा पायजे हुता. सभासदांनी काय दगडं खावी?"

त्याचंही सगळं खोटं नाही. पण तीस वर्षं मी समजत होतो की संस्थेत माझ्या वहीबाहेर काही घडत नाही. तुझी मशीन बरोबर आहे.

पथ्य पाळतो. शब्द दिला. छबूनं कुणालाही जोडी दिलेली नाही. द्यायला लेक लागते, हे मागेच लिहिलं आहे. पुन्हा विचारू नकोस.

धोंडीराम


लखनौ
२ एप्रिल २०१३

ती. आजोबांस,
सा. न.

माझ्या फेब्रुवारीतल्या पत्राला उत्तर नाही. पेपरात बीडच्या दुष्काळाची बातमी दिसली की आधी तुमच्या तलावाचं नाव शोधते. तब्येत बरी आहे ना? विहीर ठीक आहे ना?

पुन्हा विचारू नकोस म्हणालात, तरी विचारते, कारण गोष्टच तशी घडली आहे. आमच्या कामावरचे राधाकिशन मागच्या महिन्यात आष्टी तालुक्यात नमुने घ्यायला गेले होते. कड्याजवळ एका धनगरवस्तीवर विहिरीत मागूर पाळले आहेत असं त्यांना कळलं. सहा माशांचे तुकडे आणले. आजोबा, सहाही तुमच्या विहिरीतलेच! आईकडची खूण तीच, बाकीच्या खुणाही त्याच. एका जोडीची पिलावळ. मध्ये ना ओढा, ना नदी. मासा चालत गेलेला नाही.

तिथल्या बाईंचं नाव मंजुळा. मासे कुठून आणले विचारलं तर "आईचे हायत" एवढंच म्हणाल्या. राधाकिशन निघाले तेव्हा मात्र त्यांनी विचारलं, लिंबागणेशचा तलाव आटला का.

माझा तर्क असा, की छबुआजींच्या माहेरची दुसरी कुणी लेक तिकडे दिली असणार आणि तिच्या घागरीत तेच मासे गेले. पण भोयाची लेक धनगराच्या घरी कशी? त्या काळी तर नक्कीच नाही. तुम्हाला कुणी आठवतं का? मी आनंदानं वेडी झाले आहे. दुसरी जागा सापडली!

गोदावरी


भोईवस्ती, लिंबागणेश
१९ मे २०१३

चि. गोदावरीस,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. खोटं एकदा लिहून झालं होतं. पुन्हा लिहवेना आणि खरं लिहायची हिंमत नव्हती, म्हणून गप्प बसलो.

आधी विहिरीचं. फेब्रुवारीत तलावाचा चिखल झाला. मोठे मासे लोकांनी बाजारात नेले, बारके तोंड वासून पडले. भोयाच्या घरात तडफडणारा जीव आधी पाण्यात सोडतात, मग विचार करतात. मी तरी विचार केला होता. डोकं बघितलं, मिशा बघितल्या आणि अस्सल देशी वाटले तेवढे अकरा निवडले. डोळ्यांना कळत नाही असं तू स्पष्ट लिहिलं होतंस. माझ्या हाताला ते पटलं नाही. सोडले विहिरीत. दोन महिन्यांत ते हातभर झाले. आता वाटी वाजवली तरी पायरीवर काही येत नाही. छबूचा एकही मासा राहिलेला नाही. बाहत्तरच्या दुष्काळाला जे जमलं नाही ते मी केलं.

आता दुसरं. मंजुळा माझी लेक आहे. एकुलती एक. चौऱ्याण्णव साली तिनं म्हाळूशी लग्न केलं. मेंढरं घेऊन दरसाल आमच्या तलावावर उतरणाऱ्या धनगराचा तो पोरगा. चांगला होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पंच बसले. मला विचारलं, पोरीचं काय करायचं. मी म्हणालो, "मला लेक न्हाई." तेव्हापासून तेच धरून चाललो. छबू गेली तेव्हाही तिला कळवलं नाही.

तुझं पत्र पंधरा दिवस खिशात घेऊन फिरलो. मग कड्याच्या गाडीत बसलो. कारण सोपं होतं, छबूचे मासे आता पृथ्वीवर एकाच विहिरीत होते.

मंजुळा टँकरवर हंडे भरत होती. केस पिकलेत तिचे. मला पाहून तिनं हातातला हंडा आधी पूर्ण भरला, मग विचारलं, "कावून आलात?"

मी म्हणालो, "आईचे मासे मेले. माज्याच हातानं. एक जोडी दे."

ती म्हणाली, "जोडी लेकीला देत्यात. तुमी कुनाची लेक?"

 म्हाळू मागून म्हणाला, "अगं, पानी तरी दे." तिनं तांब्या दिला. मी प्यालो. मग उभ्या उभ्याच तिनं सांगितलं. "तुमी पंचात गेलता, तवा आई मागच्या दारानं आलती. घागर माज्या डोक्यावर ठिवली. म्हनली, रिकाम्या हातानं जाऊ नगं."

मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

गोदावरी, त्यानंतर पंधरा वर्षं छबू माझ्या शेजारी बसून जेवली. दर पावसाळ्यात विहिरीतली पिलं मोजायची. मला एका शब्दानं बोलली नाही. ती मेली तेव्हा मला वाटलं होतं की आता मी एकटा पडलो. खरं तर मी एकटा पडलो त्या पंचाच्या दिवशी. तिला ते माहीत होतं, मला आता कळलं.

तू मासे नेशील ते तिच्याकडून ने. माझ्याकडे यायचं कारण उरलं नाही.

धोंडीराम


लखनौ
११ जुलै २०१३

ती. आजोबांस,
सा. न.

तुमच्या पत्रावर मी लगेच लिहिलं नाही, कारण मला तुमचा राग आला होता. माशांवरूनही आला आणि मंजुळामावशींवरूनही आला. अजून पुरता गेलेला नाही.

मागच्या आठवड्यात कड्याला जाऊन आले. मावशी आधी मलाही देईनात. मी बायडाबाईची नात म्हटल्यावर मात्र हात धरून बसवलं. म्हणाल्या, "म्हंजी तू आईच्या माहेरची लेक. तुजा हक्कच हाय." पाच जोड्या दिल्या. मी त्या कॅनमधून रेल्वेनं आणल्या, वाटेत प्रत्येक स्टेशनवर झाकण उघडून बघत. दहाच्या दहा जिवंत आहेत. ओळ वाचली, आजोबा. तुमच्यामुळे नाही, पण वाचली.

इथे नोंदवहीत पालनकर्त्याचं नाव लिहावं लागतं. म्हणून कड्यालाच फॉर्म भरायला बसले. नाव मंजुळा. पुढचा रकाना वडिलांच्या नावाचा. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ते रिकामं ठिव. त्यांनी पंचात सांगितलंय, लेक न्हाई म्हनून. पंचातला शबूद म्या कावून मोडू?"

मी पेन पुढच्या रकान्यावर नेलं. रकाना रिकामा आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून मी तो भरणार नाही, त्या सांगतील तेच लिहीन. माझ्या पहिल्याच पत्राला तुम्ही उत्तर लिहिलंत, इथे माझं असं माणूस तुम्हीच आहात, तरी या बाबतीत मला त्यांचंच पटतं.

पाऊस झाला का तिकडे? स्वतःचं करून नीट जेवता का?

गोदावरी


भोईवस्ती, लिंबागणेश
२५ जुलै २०१३

चि. गोदावरीस,
आशीर्वाद.

तुझा राग राहू दे. तू बरोबर आहेस आणि ती तर आहेच.

पंचात बोललेला शब्द घरात पुटपुटून मागं घेता येत नाही, तो पंचातच घ्यावा लागतो. त्या वेळच्या पाच पंचांतले दोघे हयात आहेत, सुंदरराव आणि गहिनीनाथ. दोघांना घरी जाऊन सांगून आलो. सुंदरराव हसले, म्हणाले, "आता कोन धरतंय ते, धोंडीराम?" मी म्हणालो, मी धरलंय एकोणीस वर्षं.

आता पंच बसत नाहीत, सगळी वस्ती जमते ती संस्थेच्या वार्षिक सभेला, आणि ती काल होती. तलावात पाणी आलंय, त्यामुळे माणसं बरीच जमली. थाई मागूर पुन्हा आणायचा नाही असा ठराव आधी लिहिला, विठ्ठलरावनंच मांडला. मग उभा राहिलो आणि म्हणालो, "मला लेक हाय. मंजुळा तिचं नाव. तवा मी खोटं बोललो." मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. मागून कुणीतरी जाळ्यांच्या वाटपाचं विचारलं आणि सभा पुढे गेली. जे पंच मला एवढे मोठे वाटले, त्यांना ते आठवतही नव्हतं. ज्या भीतीनं मी लेक टाकली, ती एकट्या माझीच होती.

त्याआधी विहीर उपसून अकरांतले एकमेकांना खाऊन उरलेले सातही मोठे मासे काढले, गाळ काढला. आता नवं पाणी आहे आणि त्यात काही नाही.

हे तिला कळव असं मी म्हणत नाही. कळवलंस तर माझी ना नाही.

धोंडीराम


धनगरवस्ती, कडा
४ ऑगस्ट २०१३

अण्णांस नमस्कार.

गोदावरीनं पंचातलं कळवलं. मी सुंदररावांकडे माणूस पाठवून खात्री करून घेतली, कारण तुमच्या शब्दावर माझा भरवसा नाही. तिला रकान्यात तुमचं नाव लिहायला सांगितलं आहे.

राग गेला असं समजू नका. आई गेल्याचं मला तेराव्यानंतर बाजारात कळलं, बांगड्यांच्या दुकानात. घातलेल्या बांगड्या तिथेच काढून ठेवल्या आणि चालत घरी आले. हे मी विसरणार नाही. तुम्हीही विसरू नका.

जोडी लेकीला देतात. पण लेकीनं माहेरी येताना काय आणावं हे कुणी ठरवलेलं नाही. पंचमीला येते. दोन नर आणि तीन माद्या आणते. म्हाळू मेंढरांमागं लांब आहे, म्हणून मी एकटीच. मुराळी यायला मला भाऊ नाही, तेव्हा फाट्यावर तुम्हीच या. सकाळची गाडी आहे. तुमच्या कानाचं गोदावरीनं सांगितलं आहे. डाव्या बाजूनं बोलेन, म्हणजे तुम्हाला ऐकू येईल.

मुक्कामाचं आल्यावर बघू.

मंजुळा